छोट्या गावचा डॉक्टर आणि दिल्लीची गणिते

देशातील वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या २०१४ पूर्वी ३८७ होती. जुलै २०२४ पर्यंत ती ७३१ झाली. याच काळात एमबीबीएसच्या जागा ५१ हजार ३४८ वरून १ लाख १२ हजार ११२ वर पोहोचल्या. केंद्र सरकारने संसदेत सादर केलेली ही वाढ अभूतपूर्व आहे, याविषयी दुमत नाही. मात्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचाच २०२१-२२ चा ‘ग्रामीण आरोग्य सांख्यिकी’ अहवाल शेजारी ठेवला, की चित्राची दुसरी बाजू दिसते. ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना ग्रामीण रुग्णालये म्हटले जाते तेथे, आवश्यक तज्ज्ञ डॉक्टरांपैकी ७९.५ टक्के तज्ज्ञ उपलब्ध नव्हते. शल्यचिकित्सकांची उणीव ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के, फिजिशियनची ७९.१ टक्के, तर स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२ टक्के होती.

डॉक्टर घडवण्याच्या जागा वाढल्या आणि तरीही तालुक्याच्या गावी डॉक्टर पोहोचला नाही, याचे कारण केवळ संख्येत शोधून भागणार नाही. लहान गावात राहून वैद्यकी करणाऱ्या डॉक्टरचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते, त्याला कोणते आधार मिळतात आणि कोणते मिळत नाहीत, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर सापडणे कठीण आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

बिरवाडीचा प्रश्न

डॉ. बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या गावचे. शेतकरी कुटुंबात जन्म, मिळेल ते काम करीत घेतलेले शिक्षण, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस आणि त्यानंतर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक, असा त्यांचा प्रवास. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मकथनातून तो मराठी वाचकांना परिचित आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिरवाडीला रुजू झालेल्या या तरुण डॉक्टरसमोर एक असा आजार उभा राहिला, ज्याविषयी तत्कालीन पाठ्यपुस्तके जवळजवळ मौन बाळगून होती. कोकणात आढळणारा लाल विंचू चावल्यानंतर धडधाकट माणसे, विशेषतः लहान मुले, काही तासांत दगावत असत. दंशाच्या जागी वेदना, दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे आणि अखेरीस फुफ्फुसात पाणी साचून मृत्यू, असा हा क्रम होता. विंचवावर मंत्र घालणारा मांत्रिक आणि ठोस उपचार माहीत नसलेला दवाखाना, यांपैकी एकाची निवड करणे एवढेच गावकऱ्यांच्या हाती होते.

बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी घेण्यास प्रारंभ केला. कोणते लक्षण कधी दिसते, रक्तदाब केव्हा वाढतो, हृदय केव्हा थकते, हे त्यांनी तासातासाने टिपले. यातून एक सुसंगत चित्र उभे राहिले. विंचवाच्या विषामुळे शरीरातील उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि तो ताण न सोसल्याने हृदय निकामी होऊ लागते. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. पूर्ण केल्यानंतर शहरात स्थायिक होणे त्यांना सहज शक्य होते. परंतु ते महाडला परतले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तेथेच रुग्णालय चालवले. रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे या रुग्णांना उपयुक्त ठरतील, हा त्यांचा तर्क होता. नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि त्यावर अखंड देखरेख ठेवावी लागते. लहान दवाखान्याला ते परवडणारे नव्हते. त्याऐवजी उच्च रक्तदाबावर वापरली जाणारी प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी निवडली. १९८६ मध्ये याविषयीचा त्यांचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. बावस्कर यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार, पूर्वी गंभीर विंचूदंश झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. प्रॅझोसिनचा वापर रूढ झाल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

संशोधन तेथेच थांबले नाही. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दांपत्याने ७० रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला केवळ प्रॅझोसिन, तर दुसऱ्याला प्रॅझोसिनसोबत विंचूदंशावरील प्रतिविष देण्यात आले. पहिल्या गटाला बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले, दुसऱ्याला ८ तास. तालुक्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयात झालेल्या या चाचणीची दखल जगातील उष्ण कटिबंधातील वैद्यकांनी घेतली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर केली.

बल्लभगढचा आधार

या ठिकाणी राजधानीच्या परिसरातील एका प्रयोगाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेला अहवाल हा स्वतंत्र भारताच्या आरोग्य व्यवस्थेचा पाया मानला जातो. या अहवालात दोन सूचना शेजारी-शेजारी होत्या. एक, देशात उच्च दर्जाची राष्ट्रीय वैद्यकीय संस्था उभारावी. आणि दुसरी, ग्रामीण लोकसंख्येसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विणावे व त्यासाठी समाजाची जाण असलेला डॉक्टर घडवावा. पहिल्या सूचनेतून १९५६ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच एम्स, साकार झाली. दुसऱ्या सूचनेची वाटचाल १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रूपाने सुरू झाली. ती आजही अपुरी आहे.

या दोन टोकांना जोडण्याचा प्रयत्न एम्सने १९६५ मध्ये हरियाणातील बल्लभगढ येथे केला. फरिदाबाद जिल्ह्यातील हे गाव आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. तेथील रुग्णालय तसेच दयालपूर आणि छैंसा ही प्राथमिक आरोग्य केंद्रे राज्य सरकारच्या सहकार्याने एम्सच्या प्रशिक्षण व संशोधनाशी जोडण्यात आली. एम्सच्या विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना येथे ठरावीक काळ काम करावे लागते. परिसरातील गावांमधील जन्म, मृत्यू आणि आजार यांच्या सलग नोंदी ठेवल्या जातात. येथील तरुण डॉक्टरला एखादे वेगळे लक्षण दिसले, तर विचारायला ज्येष्ठ प्राध्यापक आहेत, तपासायला प्रयोगशाळा आहे आणि त्याचे निरीक्षण धोरणकर्त्यांच्या कानावर घालणारी संस्था पाठीशी आहे.

बिरवाडीत यांपैकी काहीही नव्हते. बावस्कर यांना टपालाने परदेशी नियतकालिकांशी संपर्क साधावा लागला. बल्लभगढमध्ये संस्थेने जे काम वाटून घेतले, ते महाडमध्ये एका दांपत्याने आपल्या आयुष्याच्या बळावर पेलले. हा फरक व्यक्तींच्या गुणवत्तेचा नाही, रचनेचा आहे. देशात इतकी वैद्यकीय महाविद्यालये असतील, तर प्रत्येकाचे एक तरी बल्लभगढ असावयास हवे, अशी अपेक्षा करणे मुळीच अवास्तव नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अलीकडच्या काळात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांच्या व्यवस्थेत काम करणे बंधनकारक केले आहे आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रामीण कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात आणला आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि विद्यार्थी येऊन गेल्यानंतर तेथे कायम राहणाऱ्या डॉक्टरला त्यातून काय मिळते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

ज्ञानाचा उलटा प्रवाह

आरोग्य धोरणाची भाषा बहुधा ‘पोहोचवण्याची’ असते. औषधे पोहोचवायची, तज्ज्ञ पोहोचवायचे, दूरध्वनी आणि इंटरनेटद्वारे सल्ला पोहोचवायचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेने कोट्यवधी रुग्णांना डॉक्टरांचा सल्ला उपलब्ध करून दिला, हे तिचे यशच आहे. पण या साऱ्यात ज्ञान वरून खाली वाहते असे गृहीत धरलेले असते. महाडचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. विंचूदंशाचा रुग्ण महानगरातील मोठ्या रुग्णालयात फारसा येत नाही. त्यामुळे त्यावरील उपचारही तेथे सापडणे शक्य नव्हते.

असे हे एकच उदाहरण नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आशा कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम देशभर राबवण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला. नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथे डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर दहा वर्षे केलेल्या उपचारांचा अनुभव २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे डॉ. सदानंद राऊत हेही सर्पदंशावरील उपचार आणि जनजागृतीचे काम दीर्घकाळ करीत आले आहेत.

सर्पदंशाच्या बाबतीत या विलंबाची किंमत आकड्यांत मोजता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, २००० ते २०१९ या दोन दशकांत भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने मृत्युमुखी पडले. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. मृतांमध्ये ग्रामीण भागातील लोकांची संख्या मोठी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याची सूचना केंद्राने राज्यांना केली. लहान गावांतील डॉक्टर जे वर्षानुवर्षे पाहत होते, ते दिल्लीच्या कागदावर उमटण्यास इतका काळ जावा लागला. पाहणारे डॉक्टर होते. त्यांचे पाहिलेले ऐकून घेणारी यंत्रणा नव्हती.

बाराशे रुपयांचा धनादेश

लहान गावातील वैद्यकीला आणखी एक बाजू आहे आणि ती अर्थकारणाची आहे. २०१३ मध्ये डॉ. बावस्कर यांना एका निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय तपासणीसाठी पाठवले होते, त्याचा हा मोबदला. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच्या बिलातील हिस्सा देण्याच्या या रिवाजाला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. बावस्कर यांनी तो स्वीकारला नाही. उलट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि दिल्लीतील भारतीय वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार केली. रक्कम लहान होती, परंतु तक्रारीने संपूर्ण व्यवसायात खळबळ उडाली.

वास्तविक, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवण्याबद्दल मोबदला देणे किंवा घेणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे. म्हणजे नियमाची उणीव नव्हती. उणीव होती ती अंमलबजावणीची. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मार्च २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. तो कायद्याच्या रूपात उतरला नाही. पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा २०१९ मध्ये संमत झाला आणि २५ सप्टेंबर २०२० रोजी जुन्या परिषदेची जागा नव्या आयोगाने घेतली. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांसाठी नवे आचारनियम जारी केले आणि अवघ्या तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते स्थगित करून जुनीच आचारसंहिता पुन्हा लागू केली. द्वारका येथील कार्यालयाची पाटी बदलली. प्रामाणिक डॉक्टरला पाठबळ देण्याचे काम मात्र मागेच राहिले.

या विषयाचा रुग्णांशी थेट संबंध आहे. तालुक्याच्या गावातील डॉक्टर हा बहुतांश कुटुंबांसाठी पुढच्या उपचारांचा दरवाजा असतो. कोणत्या शहरात जायचे, कोणती तपासणी करायची, कोणत्या रुग्णालयात दाखल व्हायचे, हे त्याच्या शब्दावर ठरते. त्या शब्दामागे मोबदला असेल, तर शेतकऱ्याचे कर्ज वाढते. त्याच वेळी हेही लक्षात घेतले पाहिजे, की जो डॉक्टर असा वाटा नाकारतो, त्याला माफक शुल्कावर दवाखाना, कर्मचारी आणि यंत्रसामग्रीचा खर्च भागवावा लागतो. प्रामाणिकपणाची सारी किंमत एकट्या डॉक्टरनेच मोजावी, अशी व्यवस्था फार काळ टिकू शकत नाही.

भीतीचा भार

डॉक्टरांना लहान गावापासून दूर ठेवणारे तिसरे कारण भीतीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत असल्याचा निर्णय दिला. रुग्णांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. २००५ मध्ये याच न्यायालयाने, डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालवण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले पाहिजे, असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, वैद्यकीय उपचारादरम्यान निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

कायद्याची ही चौकट सर्वांना समान आहे; तिचा भार मात्र समान नाही. मोठ्या शहरातील डॉक्टरच्या मागे रुग्णालयाचा विधी विभाग असतो, शेजारच्या कक्षात दुसरा तज्ज्ञ असतो, रक्तपेढी असते. तालुक्याच्या गावात मध्यरात्री आलेल्या अत्यवस्थ रुग्णाला हात लावायचा की जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे, हा निर्णय एकट्याने घ्यावा लागतो. रुग्ण दगावला, तर जमावाला तोंड देणाराही तोच असतो. महाराष्ट्राने २०१० मध्ये डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. तथापि या चर्चेच्या केंद्रस्थानी मोठी रुग्णालये राहिली. दहा खाटांच्या दवाखान्याच्या दाराशी कोण उभे राहणार, याचे उत्तर त्यात क्वचितच आढळते. परिणामी धोका पत्करून उपचार करण्यापेक्षा रुग्ण पुढे पाठवणे सुरक्षित वाटू लागते आणि रस्त्यातला वेळ रुग्णाच्या जिवावर बेततो.

सक्ती की निवड

डॉक्टरांना गावात नेण्यासाठी सर्वाधिक वापरले गेलेले साधन म्हणजे सक्तीच्या सेवेचा करार, अर्थात बॉण्ड. १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या या अटी वैध ठरवल्या. त्यामुळे रिकाम्या पदांवर काही काळ माणूस बसतो, हे खरे. पण एक वर्षासाठी आलेला डॉक्टर गावाची भाषा शिकेपर्यंत त्याच्या जाण्याची वेळ होते. बावस्कर यांनी जे साधले, ते एका वर्षाचे काम नव्हते.

जपानने याबाबत वेगळा मार्ग चोखाळला. तेथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडले जातात. पदवीनंतर आपल्याच प्रांतात नऊ वर्षे सेवा केल्यास शिक्षणाचा खर्च माफ होतो. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिल्यास ते ग्रामीण भागात टिकण्याची शक्यता अधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. भारतातही तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशात जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. देहेडसारख्या गावातून आलेला मुलगा महाडला का परतला, याचे संपूर्ण उत्तर धोरणात सापडणार नाही. मात्र देहेडचा मुलगा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलाच नसता, तर हा प्रश्नही उद्भवला नसता.

एका गोष्टीचे भान येथे ठेवावयास हवे. बावस्कर किंवा बंग यांच्यासारख्यांच्या त्यागाचा गौरव करणे सोपे आहे आणि त्यांच्या नावे पुरस्कार जाहीर झाले की समाजाला आपले कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. परंतु असामान्य माणसांच्या भरवशावर सामान्य व्यवस्था चालू शकत नाही. मुलांच्या शाळेची, जोडीदाराच्या नोकरीची आणि स्वतःच्या सुरक्षिततेची चिंता असलेला साधा, प्रामाणिक, बरा डॉक्टर तालुक्याच्या गावी सुखाने राहू शकला पाहिजे. त्यासाठी राहण्यायोग्य निवास, वेळेवर वेतन, पदव्युत्तर शिक्षणाची खात्रीची वाट, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी कायमचे नाते आणि गैरव्यवहाराची तक्रार केल्यास पाठीशी उभी राहणारी परिषद, एवढ्या गोष्टी लागतात. यांतील बहुतेक सूचना नव्या नाहीत.

वैद्यकीय जागांची संख्या येत्या काळात आणखी वाढेल, असेच चित्र आहे. त्या वाढीचे मोजमाप प्रवेश घेणाऱ्यांच्या संख्येवर थांबवायचे, की दहा वर्षांनंतर त्यांतील किती जण ग्रामीण रुग्णालयाच्या परिसरात रुग्ण तपासत आहेत हेही मोजायचे, याचा निर्णय सरकारला घ्यावा लागेल. पहिला आकडा दरवर्षी संसदेत मांडला जातो. दुसराही त्याच नियमितपणे मांडला जाऊ लागला, तर ग्रामीण रुग्णालयांतील रिकाम्या पदांकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही सरकारला कठीण जाईल.